मामांनी ऐकून घेतलेला डबा

नगर शहरात आजवर जितकी यंत्रं बिघडली, त्यांतल्या निम्म्यांनी तरी आपलं दुखणं माझ्या बायकोच्या मामांच्या कानात सांगितलं असेल. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या जळालेल्या मोटारी नव्याने वाइंडिंग करून देण्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लांब स्क्रूड्रायव्हर अजून असतो. त्याचं टोक यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा करायचा. मिक्सर, पाण्याची मोटार, शेजाऱ्यांची स्कूटर, कुणाचीच सुटका नाही. आमच्या लग्नात मी पाया पडायला वाकलो, तर आशीर्वादाचा हात माझ्या डोक्यावर आणि मान मांडवामागच्या जनरेटरकडे. "सुखी ऱ्हावा," म्हणाले, आणि त्याच दमात, "एक सिलिंडर मारत न्हाई त्याचा." पुढचा तासभर ते कुणाला दिसले नाहीत. शेवटच्या पंगतीला आले तेव्हा धुऊनही हात काळेच होते आणि चेहऱ्यावर मुलीच्या बापापेक्षा जास्त समाधान होतं. एकदा माळीवाड्याहून आम्ही रिक्षाने निघालो, तर अर्ध्या वाटेत त्यांनी चालकाला खाली उतरवलं आणि दोघंही इंजिनापाशी उकिडवे बसले. मी चालत घरी आलो. दोघं मागाहून आले, जुन्या मित्रांसारखे गप्पा मारत.

मी शाळेत संगणक शिकवतो. त्यामुळे निदान संगणकाच्या बाबतीत मामांचा कान आपल्याला काही शिकवणार नाही, अशी माझी भाबडी समजूत होती. घरी टीव्हीखाली मी स्वतः जोडलेला एक संगणक होता. सिनेमे, गाणी, मुलीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, सगळं त्यात. रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यावर सिनेमा बघायचो. वडील गेल्यावर राजूरहून आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा वाटलं होतं, आता चौघं बघू. पण सिनेमा लागला की पाच-दहा मिनिटांत आई उठायची आणि स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत बसायची. आमच्या घरात त्या काळात लसूण कधी कमी पडला नाही. तिला आमचे सिनेमे आवडत नसतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

अशाच एका रविवारी मामा जेवायला आले होते. आई आत गेली, तशी पाठोपाठ तेही गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. आवाजात एरवीचा खेळकरपणा नव्हता.

"जावईबापू, ताई काय म्हनत्यात ते ऐका जरा."

आई ओशाळून म्हणाली, "काही न्हाई रे. तुझ्या त्या पेटीत भुंगा हाय. कानात मशीन घातलं की नुसतं भणभण करतंय, अन् मानसांचं बोलनं त्याच्याखाली दबतंय. तुमी खूश असता, म्हनून बोलले न्हाई."

आई आमच्याकडे आल्यावर तिच्या कानाला यंत्र लावलं होतं. बारीकसारीक आवाज ते मोठे करतं, त्यात संगणकाची घरघरही मोठी होत असणार, हे मला, संगणकाच्या मास्तराला, सहा महिन्यांत सुचलं नव्हतं.

मामांनी स्क्रूड्रायव्हर काढला. संगणकाला चारी बाजूंनी कान लावला आणि निकाल दिला, "मागचा डबा. बाकी समदी गरीब हायेत." डबा म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन संगणकाला झेपेल अशी करून देणारा. माझा डबा कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. त्याचा पंखा तळहाताएवढाही नव्हता. "एवढासा पंखा जीव खाऊन पळतोय," मामा म्हणाले, "वरडंल न्हाई तर काय करंल?"

मी अपराधी मनाने मोबाईलवर सगळ्यात महागडा डबा शोधला. साडेसातशे वॅटचा, अजिबात आवाज न करणारा. मामांनी लाकडी फळीवर बसवलेलं आपलं मीटर आणून संगणकाला जोडलं. सिनेमा चालू असताना काटा सत्तर वॅटच्या आसपास डुलत होता. "सत्तर!" मामा कडाडले. "अन् साडेसातशेचा डबा? गिरनी टाकायचीय का घरात? चारशेचा रग्गड झाला. गरम व्हनार न्हाई, म्हंजे पंखा पळनार न्हाई. अन् न ऐकता घ्यायचा न्हाई!"

मग मी, मामा आणि चादरीत गुंडाळलेला संगणक असे तिघं स्कूटरवरून सावेडीतल्या एका दुकानात गेलो. मामांनी एकेक डबा तळहातावर घेऊन डोळे मिटून तोलायला सुरुवात केली.

"काका, कलिंगड आहे का ते?" दुकानदार हसला.

"कलिंगड वाजवून घेत्यात. ह्यो ऐकून घ्यायचा," मामा म्हणाले. "जेवनाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली घ्या."

दुकानदारालाही गंमत वाटली असावी. दुपारी शटर अर्धं खाली आलं, छताचा पंखा बंद झाला. भर एप्रिलमध्ये आम्ही घामाने निथळत एकामागून एक तीन डबे संगणकाला जोडून ऐकले. मध्येच एक गिऱ्हाईक वाकून आत आलं. मामांनी ओठांवर बोट ठेवलं. तो बिचारा कुजबुजत म्हणाला, "माउस पाहिजे होता," आणि का कोण जाणे, तोही डोळे मिटून उभा राहिला.

सगळ्यात महागाचा डबा मला अगदी मुका वाटला. मामांनी मान हलवली. "पंखा गप हाय, पन आतली कॉइल शिट्टी मारतीय. बारीक. ताईंच्या मशिनला ती सापडंल." मधल्या किमतीचा, मोठ्या पंख्याचा डबा त्यांनी दोनदा ऐकला. पण पसंत करायचा हक्क आपला नाही, म्हणाले, आणि मला पिटाळलं. मी रिक्षाने आईला घेऊन आलो.

आई स्टुलावर बसली. पदर सावरला, कानातलं यंत्र नीट केलं. आम्ही चौघं पुरुष श्वास रोखून तिच्याकडे बघत होतो. मिनिटभराने ती कंटाळून म्हणाली, "आता चालू करा की."

"चालूच हाय, ताई," मामा म्हणाले.

दुकानदाराने टाळी वाजवली. माउसवाल्यानेही.

पुढच्या रविवारी आई सबंध सिनेमा बघत बसली. एका विनोदावर ती आमच्या आधी हसली, तेव्हा बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मी उगाचच चष्मा पुसला. मामा मागच्या खुर्चीत बसले होते. पडद्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. ते आईकडे बघत होते.

संध्याकाळी मी त्यांना सोडायला खाली उतरलो. आभार कसे मानावेत, याची मनात जुळवाजुळव करत होतो. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले, कठड्याला धरून.

"तुमची मामीसुदिक शेवटची दोन वर्सं अशीच आत जाऊन बसायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, टीव्हीचा कंटाळा हाय तिला. कदी इचारलंच न्हाई."

मामी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांचा हात धरून मी उरलेला जिना उतरलो आणि रिक्षा मिळेपर्यंत त्यांच्याजवळ उभा राहिलो. दोन रिक्षा रिकाम्या गेल्या. आम्ही दोघांनीही हात केला नाही.