शेकरू बघायला गेलो तेव्हा

एसटी आमच्या भागात नुकती सुरू झाली होती. मी नऊ वर्षांची होते. धाकट्या काकांनी मला शेकरू दाखवायचं कबूल केलं, म्हणून आई, वडील, काका आणि मी चाकणहून निघालो. एसटीतून उतरून भीमाशंकरच्या रानात खूप चाललो.

शेवटी एका उंच आंब्यावर ते दिसलं. तांबूस अंग, झुपकेदार लांब शेपूट. शेंड्याजवळ बसून काहीतरी कुरतडत होतं. मी डोळे भरून बघत होते, तेवढ्यात काकांनी खिशातून गलोल काढली. खडा लागला आणि शेकरू फांद्यांवर आपटत आमच्या पायाशी येऊन पडलं, मेलेलं.

"बघ आता जवळनं," काका हसत म्हणाले.

"भावजी, जित्तं दाखवतो म्हनला व्हता न्हवं?" आई म्हणाली.

मला रडू आलं नाही, संताप आला. मी त्यांच्या हातातली गलोल हिसकावली आणि दरीत भिरकावली. त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली.

"मोठ्या मान्साच्या हातातलं वडायचं न्हाई," वडील मलाच म्हणाले. शेकरूबद्दल चकार शब्द नाही.

काकांवरचा राग पुढं कधीतरी निवळला. वडिलांवरचा अजून गेलेला नाही.