नेमक्या शब्दाच्या बाई

बाई वर्गात यायच्या त्या अशा, की मागच्या बाकावरचा जांभई देणारा सुद्धा जांभई अर्धी गिळायचा. हातात पातळसं पुस्तक, कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर मोठा खेळ सुरू होण्याआधीची शांतता. इंग्रजी शिकवायच्या, आणि शिकवायच्या अमेरिकन कादंबऱ्यांतून. एका तासाला एक पान, कधी तेही नाही. एखादं वाक्य घेऊन बसायच्या आणि त्याची साल काढत काढत गाभ्यापर्यंत न्यायच्या.

"पोर्च म्हणजे काय?" विचारायच्या.

"व्हरांडा," कुणीतरी म्हणायचं.

"व्हरांडा तर आपल्या कॉलेजलाही आहे. तिथे तुम्ही काय करता? उनाडता. या पुस्तकातली माणसं पोर्चवर का येऊन बसतात ते बघा. घरात बोलता येत नाही ते बोलायला येतात, आणि तिथेही बोलत नाहीत. आता सांगा, पोर्च म्हणजे काय?"

अशी शिकवण. पोरं या तासावर जीव टाकायची. पुढे कोण कुठे गेलं, पण बाई रस्त्यात भेटल्या की त्यांच्याकडे शिकलेल्या एखाद्या शब्दाने ओळख द्यायचं. बँकेत मॅनेजर झालेला एकजण म्हणाला होता, "बाई, तुमचा 'रिलक्टंट' अजून विसरलो नाही. कर्जाला जामीन राहा म्हटलं की माणसाच्या चेहऱ्यावर रोज दिसतो." बाई घरी येईपर्यंत हसत होत्या.

पण वर्गातली ही कला बाईंनी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवली नाही, तिथे घोटाळा झाला.

त्यांना एकच लेक. तिचे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात दोघीच. पोरगी शाळेतून रडत यायची, "आई, मला तिने चिडवलं." बाई वह्या तपासता तपासता चष्म्यावरून बघायच्या.

"चिडवलं, की हिणवलं?"

"चिडवलं ना."

"नीट आठव. दोन्हींत फरक आहे. नेमका शब्द सांग, म्हणजे मला कळेल तुला काय झालं ते."

पोरीला शब्द हवाच नव्हता, तिला पदर हवा होता. ती नेमका शब्द शोधता शोधता रडायची थांबायची, आणि बाईंना वाटायचं, बघा, समजूत पटली. वर्गातल्या पन्नास पोरांना जे मानवलं ते घरच्या एकीला मानवणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. हळूहळू मुलीने सांगायचंच सोडून दिलं. कादंबरीच्या वाटेला ती कधी गेली नाही. मोठी होऊन दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. "तू शब्दांचे काढतेस, मी हाडांचे," ती म्हणायची. "माझ्यासमोर माणसाला फक्त श्वास रोखून धरावा लागतो, तेवढंच." विनोद होता. बाईही हसायच्या. पण हसून झाल्यावर खोलीत जे उरायचं ते बरं नसायचं.

उतारवयात बाईंच्या डोळ्यांचा पडदा निकामी होत गेला. समोरच्याचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा दिसायचा, कडा तेवढ्या शाबूत. वाचन संपलं. ज्या बाईने पानापानावर मुक्काम केला, तिला आता पुस्तकाचं फक्त वजन कळत होतं.

आणि मग लेक आपण होऊन म्हणाली, "संध्याकाळी ड्यूटी संपली की येत जाईन. तुझी ती आवडती कादंबरी काढून ठेव. मी वाचते, तू ऐक."

बाईंना त्या रात्री झोप आली नाही. एवढ्या वर्षांनी पोर जवळ येऊन बसणार होती. त्यांनी स्वतःला बजावलं, आता तोंड उघडायचं नाही. शब्द गेला तर जाऊ दे, लेक जायला नको.

कादंबरी होती गवताळ माळावरच्या लहान गावातल्या एका शिंपिणीची. नवरा नाही, एक मुलगी, ती शहरात नोकरीला निघालेली. लेक अडखळत वाचायची, मग सुटत गेली. बाई ओठ मिटून ऐकायच्या. एखादा शब्द सुळकन निघून जायचा आणि त्यांचा जीव तळमळायचा, पण गप्प. लेकीला न्यायला येणारा जावई चहा करून आणायचा आणि विचारायचा, "सासूबाई, आज किती शब्दांना जीवदान दिलंत?"

"सगळ्यांना," बाई म्हणायच्या. लेक चक्क हसायची. एकदा तर निघताना म्हणाली, "उद्या जरा लवकर येते. ती शिंपीण आता काय करतेय बघायचंय." बाईंनी ते वाक्य दिवसभर जिभेवर घोळवलं.

मग ते पान आलं. मुलगी गाडीत चढतेय. आई फलाटावर उभी. मुलगी वाट बघतेय, आई काही म्हणेल. आणि शिंपीण म्हणते, "तुझ्या झग्याची शिवण उसवलीय."

लेक तिथे थांबली. पुढचं वाक्य येईना. तिने श्वास रोखून धरलेला. बाईंना ऐकू आलं सगळं. डोळे नव्हते, कान तर होते. पण हे पान त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, आणि दरवर्षी वर्ग नेमका इथेच असा स्तब्ध व्हायचा. ती शांतता पडली की काय विचारायचं हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. त्या सरसावून बसल्या आणि त्याच जुन्या, कमावलेल्या आवाजात म्हणाल्या, "बघ. एवढं सगळं बोलायचं असताना लेखकाने तिच्या तोंडी हेच वाक्य का घातलं असेल?"

पुस्तक मिटल्याचं कळलं.

"आई, मी तुला वाचून दाखवत होते. परीक्षेला नव्हते बसले."

"अगं, मी सहज—"

"हो. सहजच. उशीर झाला, निघते."

दुसऱ्या दिवशी जावई आला तो फोन घेऊन. त्यात तीच कादंबरी कुणी कसलेल्या आवाजात वाचून ठेवली होती. "हिला जरा जास्तीच्या ड्यूट्या लागल्यात," तो नजर चुकवत म्हणाला, आणि बटण कुठे दाबायचं ते बाईंचं बोट धरून दाखवलं.

वाचणारी बाई उत्तम होती. उच्चार स्वच्छ, फेक चोख. शिवणीच्या वाक्यापाशी ती कणभर थांबली, जेवढं थांबायला हवं तेवढंच, आणि पुढे गेली. बाईंनी दाद द्यावी असं वाचन. त्यांनी एकटीने शेवटापर्यंत ऐकलं. कुठे थांबवावंसं वाटलं नाही.

लेक बाईंच्या डोळ्यांत औषध घालायला रोज यायची, त्यात मात्र तिने खाडा केला नाही.

"संपलं काल पुस्तक," बाई म्हणाल्या.

"बरं झालं. वर बघ."

"शेवट सांगू तुला?"

"नको गं. मान हलवू नकोस."

थेंब पडला. डोळा मिटल्यावर बाईंनी धीर केला. "त्या दिवशी वाचता वाचता थांबलीस ना, तेव्हा तुला काय वाटलं होतं?"

साऱ्या जन्मात हा प्रश्न त्यांनी लेकीला असा कधी विचारला नव्हता.

लेकीने बाटलीचं टोपण लावलं. "कुठे काय. घसा बसला होता."

तो बसला नव्हता, हे बाईंच्या सर्वांत ढ विद्यार्थ्यालाही कळलं असतं. त्यांनी हात पुढे केला. तो लेकीच्या पिशवीला लागला, कारण ती उभी राहिली होती.

"गरम पाणी पीत जा," बाई म्हणाल्या.

"हो," लेक म्हणाली, आणि दार ओढून घेऊन जिना उतरू लागली.