आतोबांचा आडवा उजेड

माझ्या आतोबांइतका उजेडाच्या मागे लागलेला माणूस अख्ख्या नाशिकमध्ये दुसरा सापडणार नाही, हे मी सहीनिशी लेखी द्यायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांच्या संगतीत काढली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कागदाशी काडीमोड घेऊन हे गृहस्थ नाण्यांकडे गेले. नाणी जमवणारे पुष्कळ असतात. आतोबांना नाण्यांचे फोटो काढायचे असतात, तेही घरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हापासून आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवतो.

टेबलावर एक स्टूल कायमचं उलटं ठेवलेलं असतं. त्याच्या चार पायांवर फळी, फळीला भोक, भोकावर मोबाइल पालथा. खाली काळ्या मखमलीच्या तुकड्यावर नाणं. दोन बाजूंना दोन टेबल लॅम्प, त्यांच्या तोंडाला बटर पेपर, कारण आतोबांच्या मते उघडा दिवा नाण्याला ओरबाडतो. चकचकीत नाणं असेल तर त्यावर तिरकी काच धरावी लागते, म्हणजे उजेड काचेवर आपटून सरळ खाली उतरतो. ही काच त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या फोटोची काढून घेतली. आत्यानं जाब विचारला तर म्हणाले, फोटो काय, काचेशिवायही दिसतो. आत्या म्हणाली, त्यात मी आधीच धुरकट दिसते. त्यावर हे शांतपणे म्हणाले, "ते काचेमुळं नव्हतं."

फोटो निघताना घरात काहीही हलता कामा नये. भर मे महिन्यात पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरच्या शिट्टीला बंदी. मी झाडं वाचवण्याच्या मोर्च्यांतून पत्रकं लिहिणारी मुलगी. असली हुकूमशाही निमूट सोसणं माझ्या रक्तात नाही. मी 'पंखा हा आमचा हक्क आहे' अशा मथळ्याचं पत्रक लिहून फ्रिजवर डकवलं, तीन मागण्यांसह. आतोबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका लाल पेनानं दुरुस्त केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदाची कोरी बाजू नाण्याशेजारी उभी करून सावलीत उजेड पाडला. चळवळीचा इतका थंड डोक्यानं वापर मी कुठल्याही पुढाऱ्याकडून पाहिलेला नाही.

त्यांची भाषाही वेगळी. नाणं म्हणजे घड्याळाची तबकडी, आणि दिवा कुठे ठेवायचा ते तासांत सांगायचं. एकदा त्यांनी आत्याला सांगून ठेवलं, की एक दिवा दहाला लाव आणि एक दोनला. ती बिचारी सकाळी बरोबर दहाच्या ठोक्याला एक दिवा लावून गेली आणि दुसऱ्यासाठी दुपारची झोप मोडून उठली. आतोबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, की वेळ पाळणारी माणसं आता राहिली नाहीत.

अशा माणसाच्या घरात एक नाणं मात्र कधी टेबलावर आलं नव्हतं. ते आत्याचं होतं, देव्हाऱ्यातला जुना चांदीचा रुपया. लग्न होऊन ती बागलाणातल्या नामपूरहून निघाली तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, ते तिच्या मुठीत दिलं होतं. "हाऊ रुपया नाशिकनाच शे," असं आजी म्हणाली होती. तो त्याच्या गावाला निघालाय, त्याच्या सोबतीनं तूही जा. आत्या रोज त्याला देवांबरोबर आंघोळ घालायची. जुनं नाणं कधी धुऊ नये हे आतोबांचं पहिलं कलम, त्यामुळे पूजेची वेळ झाली की ते दूध आणायला बाहेर पडायचे. दूध घरपोच येत असे.

गेल्या महिन्यात आत्या त्या रुपयाला चांदीची बैठक करून घ्यायला गावातल्या एका सराफाकडे गेली. त्यानं नाणं काउंटरच्या काचेवर टाकलं, कान दिला आणि म्हणाला, "काकू, हे पूजेचं नाणं. शिशाचं. ठेवा देवात, चालतं." आत्या घरी आली आणि दुसऱ्या दिवशी रुपया देव्हाऱ्यात नव्हता. रुमालात बांधून कपाटात ठेवलेला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "चांदीचं काय गं. आई माझ्याशी खोटं बोलली का, एवढंच कळलं पाहिजे."

मी पेटले. त्या सराफाच्या दारात उभं राहून पत्रक वाटायचं ठरवलं आणि मथळा काढेपर्यंत गेलेसुद्धा. आतोबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "आधी उजेड. मोर्चा नंतर."

रविवारी दुपारी त्यांनी खिडक्यांवर चादरी टांगल्या. रोजच्या दोन दिव्यांत रुपया म्हणजे नुसती चकती दिसत होती, घासून घासून चोपडी झालेली. आत्या दारातच उभी, आत यायला तयार नाही. आतोबांनी दोन्ही दिवे विझवले आणि माझ्या हातात एक छोटी बॅटरी दिली. उजेड वरून नको, म्हणाले, आडवा पाहिजे, टेबलाला घासून गेला पाहिजे. "बाराला धर."

मी धरली. मोबाइलच्या पडद्यावर काहीतरी उमटलं. आतोबा वाकले आणि त्यांचा चेहराच उतरला. अक्षरं होती, पण आत गेलेली, खिळ्यानं कोरल्यासारखी. ठशानं ठोकलेल्या रुपयाची अक्षरं वर उठलेली असतात, हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलं होतं. आत्यानं दारातून विचारलं, "खोटं निघालं का हो?" आतोबांनी पडद्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या समोर उभी होते.

"अगं बाई, हे तुझे बारा. माझे सहा वाजलेत."

मी वळसा घालून त्यांच्या बाजूनं जाईपर्यंत तेच बोलत राहिले, की डोळ्याला उजेड वरून येण्याची सवय असते, खालून आला की डोंगराचा खड्डा दिसतो. ते स्वतःलाच धीर देत होते. मी बॅटरी त्यांच्या बाराला टेकवली आणि तीच अक्षरं सावकाश वर आली. बारीक, झिजलेली, पण वर. माझ्या छातीतून जो श्वास सुटला त्यानं मोबाइल हलला आणि आतोबा रागावलेसुद्धा नाहीत.

जुन्या नाण्यांवरची फारसी ते पुस्तकावरून शिकलेत, पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचतात. बराच वेळ बोट फिरवून म्हणाले, "गुलशन. इकडे ये, बघ. गुलशनाबाद म्हणजे आपलं नाशिक, जुनं नाव. सासूबाई खरं सांगत होत्या."

आत्या तेव्हा कुठे आत आली. पडद्यावर वाकली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ती शेवटच्या रेघेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "गुलशन एवढंच आहे. आबाद कुठंय?"

ठसा मोठा आणि चांदी छोटी, आतोबा म्हणाले. नाव पुरतं मावलं नाही, आबाद, म्हणजे वसवलेलं, तेवढं बाहेरच राहिलं.

"राहू दे," आत्या म्हणाली. "तेवढं मी केलं."

आतोबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. मी वायरी गुंडाळत बसले, लागत होता त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ.