गिरणीवाल्या अप्पांचा प्रयोग

राजेश्वरअप्पांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असतात. त्यात पिठाचा वाटा किती आणि वयाचा किती, हे त्यांनी आंघोळ केल्याशिवाय कळत नाही. झरी गावात त्यांची पिठाची गिरणी आहे आणि आमचं घर तिला लागूनच. त्यामुळे आमच्या घरातल्या देवांवरसुद्धा ज्वारीच्या पिठाचा एक पातळ थर कायम असतो.

एका जमान्यात ही गिरणी रविवारी सकाळी अर्धा तास बंद राहायची, तीही लाईट असताना. लोडशेडिंगच्या त्या काळात लाईट असताना गिरणी बंद ठेवणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठणं. पण त्या वेळेला टीव्हीवर विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा आणि अप्पा बटण बंद करून मोकळे व्हायचे. दळणाला आलेल्या बायका आपापल्या डब्यांवर बसून तो कार्यक्रम बघायच्या, कारण दुसरा इलाज नव्हता. कार्यक्रम हिंदीत असायचा आणि अप्पा त्याचं मराठी करून सांगायचे. पृथ्वी सगळ्यांना आपल्याकडे ओढते, हे त्यांनी "जमीन माणसाला सोडत न्हाई" असं सांगितलं. त्यावर माझी आई म्हणाली होती, "माणूस तरी जमिनीला कुठं सोडायलाय अप्पा? बांधावरून डोकी फुटायलीत."

आम्हा पोरांना त्यातलं भिंग आणि चुंबक तेवढं आवडायचं. अप्पांचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. एकदा कुणीतरी पत्र पाठवून एक प्रश्न विचारला होता आणि कार्यक्रमातल्या माणसानं शांतपणे सांगितलं, की याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही. अप्पा ते आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होते. "टीव्हीवर बसून माणूस म्हणतोय, माहीत न्हाई. आपल्या गावात असं म्हणणारा एक दाखवा."

तो कार्यक्रम कधी बंद पडला ते आमच्या लक्षातही आलं नाही. अप्पांच्या आलं. त्यानंतर कित्येक रविवार ते त्याच वेळेला टीव्ही लावून बसायचे आणि समोर एक बाबा गुडघेदुखीचं तेल विकत असायचा. "त्या माणसाला काही विकायचं नव्हतं गोपाळ," अप्पा मला अजून सांगतात, जसं काही तो त्यांचा मावसभाऊ होता.

अप्पांची बायको शिवम्मा. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. अक्कांना साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ गोळी आहे. त्यांच्या आईलाही हाच आजार होता. आधी गोळी, मग सुई, आणि शेवटी पाय कापावा लागला. अक्का त्यावर कधी बोलत नाहीत. पण बसायला पाट घेतला की आधी स्वतःचे पाय पदराखाली झाकून घेतात, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

गेल्या दिवाळीनंतर अक्कांच्या मोबाइलवर एक पांढऱ्या कोटातला माणूस आला. त्याचं म्हणणं सोपं होतं: धान्य हेच विष, धान्य सोडा, गोळ्या आपोआप सुटतील. याआधी अक्कांनी रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी पिऊन झालं होतं, दुधीचा रस झाला होता. तेव्हा अप्पा नुसते हसले होते. या वेळी अक्का म्हणाल्या, "धान्य आजपासून बंद. आन् महाशिवरात्रीपासून गोळ्यापण बंद." अप्पांच्या तोंडचं हसू गेलं.

"त्याला इचार, किती जणांवर करून बघितलं?"

"लय जणं येतेत त्याच्यात. गुण आला म्हून सांगतेत."

"आन् ज्यांना गुण आला न्हाई, ते कुठं बसलेत?"

"तुमाला कायबी सांगा, तुमचं तुमच्या टीव्हीवानी."

अप्पांची अडचण अशी, की धान्याची बाजू घेणारा माणूस गिरणीवाला होता. पारावर त्यांनी तोंड उघडलं की कडबा विकणारा भुजंग म्हणायचा, "अप्पा, अक्काच्या साखरेची फिकीर हाय का गिरणीच्या लाईटबिलाची?" लोक हसायचे. अप्पाही हसायचे, आणि घरी येऊन गप्प बसायचे.

शेवटी त्यांनी अक्कांशी करार केला. धान्य सोड, मी आडवा येणार नाही. पण गोळी चालू ठेव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शिवरात्रीच्या आधी परभणीला जाऊन रक्त तपासू. साखर उतरलेली असली तर डॉक्टरला विचारून गोळीचं बघू. "आपण मानायचं न्हाई आन् नाकारायचंबी न्हाई," अप्पा म्हणाले. "करून बघायचं." ते बोलत असताना मला एकदम रविवारची सकाळ आठवली.

अक्का कबूल झाल्या. आणि मग अप्पांनी जे केलं, त्याला प्रेम म्हणायचं की खुळेपणा, हे मी अजून ठरवलेलं नाही. बायकोनं आता धान्य सोडलंच आहे तर ती उपाशी राहता कामा नये, म्हणून त्यांनी उपवासाची भाजणी दळायला घेतली. हे दळण सोपं नसतं. आधी जातं उघडून, घासूनपुसून जुन्या पिठाचा कण न कण काढावा लागतो. एरवी अप्पा हे काम एकादशीच्या आदल्या दिवशी, तेही कुरकुरत करतात. आता दर आठवड्याला करू लागले. साबुदाणा, भगर, राजगिरा अक्कांनी भाजायचं आणि अप्पांनी दळायचं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, रात्री भाजणीचं थालीपीठ, सोबत बटाट्याची भाजी. धान्याचा कण नाही. उपवासाला जे चालतं ते धान्य नव्हे, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हणही ठाऊक असते, पण ती शेजाऱ्यांसाठी. थालीपीठ मीही खाल्लं. दोनदा मागून घेतलं.

शिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी मी दोघांना घेऊन परभणीला गेलो. रक्त तपासणारी निकिता शाळेत माझ्या वर्गात होती. दुपारी रिपोर्ट आला. तिनं जुना कागद मागितला, दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, "अक्का, जेवणात काय घ्यायलात?"

"धान्य शिवलेलं न्हाई," अक्का ताठ बसून म्हणाल्या. "शिवरात्रीला खातेत तसं रोज."

"म्हणजे?"

अक्कांनी सगळं सांगितलं. मधेच अप्पांनी भर घातली, "भाजणी मी स्वतः दळतो. जातं धुऊन."

निकितानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"अक्का, साखर खूप वाढली आहे. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. बटाटा तसाच. त्यापेक्षा तुमची ज्वारीची भाकरी बरी होती, तिनं साखर हळूहळू चढते."

"पण साबुदाणा धान्य कुठं हाय? उपवासाला चालतंय की."

"उपवासाला चालतं अक्का. साखरेला नाही चालत."

अक्कांच्या मांडीवरची पिशवी घसरली. त्यांनी ती उचलली नाही. अप्पांनी उचलली.

"चूक माझी हाय," ते निकिताला म्हणाले. "हिनं मोबाइल बघितला, पण पीठ म्या दळलं. विष दळायलो आन् वरून जातं धुऊन दळायलो."

"विष वगैरे काही नाही अप्पा. डॉक्टरांना दाखवा. आणि रोज यांचे तळपाय बघत जा. साखर वाढली की पायाला बधिरपणा येतो, लागलेलं कळत नाही."

पाय म्हटल्यावर अक्का उठून बाहेर गेल्या.

डॉक्टर संध्याकाळी पाचला बसणार होते. तोवर आम्ही बसस्टँडच्या बाकावर जाऊन बसलो. अक्का अप्पांकडे न बघता म्हणाल्या, "गोळ्या म्या कवाच सोडल्यात."

अप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"तुमी करार केलाव ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. तुमी बघायलाव म्हून तोंडात घालायची आन् मोरीत जाऊन थुंकायची. गोळी गिळली की मला मायचा पाय दिसतोय. तिचंबी गोळीपासूनच सुरू झालतं."

मला वाटलं, आता अप्पा प्रयोगाची वाट कशी लागली ते सांगतील. साखर साबुदाण्यानं चढली की गोळी सोडल्यानं, हे आता कोणता देव सांगणार? बदलायची एक गोष्ट ठरली होती, बदलल्या दोन. त्यांचा तो आवडता विषय होता आणि हक्कही होता. मी ऐकायची तयारी करून बसलो.

अप्पा बाकावरून उतरले आणि खाली, फरशीवर बसले.

"दाखव."

"काय?"

"पाय."

"खुळे झालाव का? लोकं बघायलेत."

"बघू दे. झरीची लोकं न्हाईत, परभणीची हायेत."

अक्कांनी पाय मागे घेतले. अप्पांनी एक पाय धरून हळूच पुढे ओढला, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि पाऊल मांडीवर घेतलं. टाचेच्या भेगा, बोटांमधल्या फटी, तळव्याचा मधला भाग, सगळं अंगठ्यानं चाचपून बघितलं, जात्यातनं पडणारं पीठ जाड की बारीक ते बघतात तसं. एका ठिकाणी थांबले.

"हितं कळायलंय का?"

"कळायलंय."

"आन् हितं?"

अक्कांनी वाकून पावलाकडे बघितलं. "थोडं कमी."

अप्पांनी मान हलवली. "मायचे पाय कुणी असे बघितले होते का रोज?"

"कोण बघणार? बाप तर आधीच गेलता."

"मग तिचं येगळं. तुझं येगळं." त्यांनी दुसरा पाय घेतला. "सुई लागली तर लागल. म्या रोज बघत जाईन. मला येतंय ते, डोळे शाबूत हायेत."

शेजारच्या बाकावरची एक बाई टक लावून बघत होती. अक्कांनी पदर तोंडाला लावला, पण पाय काढून घेतला नाही. बऱ्याच वेळानं त्या मला म्हणाल्या, "गोपाळ, समोरच्या मेडिकलात बघ बरं माझी गोळी मिळतेय का. चिठ्ठी पिशवीत हाय. डॉक्टर पाचला येणार, दुपारची तर जाऊ द्यायची न्हाई."

गोळी सकाळ-संध्याकाळची होती, दुपारची नव्हतीच. मी तसं म्हणालो नाही. डॉक्टरांना विचारल्यावर घेऊ, एवढंच म्हणालो, आणि पाण्याची बाटली आणायला निघालो. स्टँडवर झरीची गाडी लागली, कंडक्टर ओरडला. त्या दोघांपैकी कुणीही वर बघितलं नाही.