जावयाची मैत्रीण

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मी शिपाई आहे. जाळीच्या अलीकडे नातेवाईक, पलीकडे कैदी आणि कडेच्या खुर्चीवर मी. लोकांची रडगाणी ऐकून माझे कान किटले आहेत. पण काज-बटणवाल्या मावशी यायच्या असल्या की मी चहा लवकर उरकून जागा धरायचो.

या मावशी एका शिंप्याकडे काज-बटण करायच्या. त्यांचा जावई आमच्याकडे आत होता. पाण्याची एकच टाकी त्याने तिघांना विकली होती. मावशी येत ते त्याची विचारपूस करायला नव्हे, झाडायला. बूड टेकायच्या आधीच तोंडाचा पट्टा सुरू.

"चौथं गिऱ्हाईक मिळालं नाही वाटतं? दाढी कर, मेल्या. अवतार बघ."

तो मान खाली घालून "हो आई, हो आई" करायचा, आणि परत जाताना आंघोळ केल्यासारखा ताजा दिसायचा. त्यांच्याशिवाय त्याच्याकडे काळं कुत्रंही फिरकत नव्हतं.

मग मावशींच्या मुलीने घटस्फोट घेतला. भेट फक्त जवळच्या नात्याला, असा नियम. मी मावशींना दारातच अडवलं.

"मावशी, तुमचं नातं संपलं आता."

"घटस्फोट तिने घेतलाय. मी कुठे घेतलाय?"

मी त्यांना साहेबांपुढे नेऊन उभं केलं. साहेब भला माणूस. त्यांनी नियमांतून वाट काढली. कैद्याची इच्छा असेल तर त्याच्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला भेटता येतं.

"तुम्ही मैत्रीण म्हणून या," साहेब म्हणाले.

मावशींचा चेहरा असा काही झाला, की साहेबांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"मैत्रीण? या वयात? आणि या टाकीविक्याची?" असं म्हणून त्या तरातरा निघून गेल्या.

बरेच आठवडे आल्या नाहीत. जावई मात्र भेटीच्या दिवशी दाढी करून बसायचा. मला त्याची कीव यायची आणि कीव आली की मी उगाच त्याच्यावर डाफरायचो.

एक दिवस मावशी आल्या. ठेवणीतले कपडे, चापूनचोपून बसवलेले केस. "लाव काय लावायचंय ते नातं," मला म्हणाल्या आणि जाळीसमोर ताठ बसल्या.

"नमस्कार. कसे आहात तुम्ही? आज हवा बरी आहे, नाही?"

जावयाने मागे वळून पाहिलं. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला विचारताहेत.

"आई, बरं नाही का तुम्हाला?"

"उत्तम आहे. तुमचं जेवणखाण व्यवस्थित?"

"अशा काय बोलताय? रागवा ना."

"मैत्रिणीला कसला आलाय रागवायचा हक्क?"

त्याचा चेहरा पडला. "तिने सोडलं ते बरोबरच केलं, आई. तुम्हीपण सोडलंत?"

मी छताकडे पाहू लागलो. काही दिसत नव्हतं, पण पाहत होतो.

"सोडते कशी?" मावशी म्हणाल्या. "तुला सोडून बोलू कुणाशी, भिंतीशी? घरात ऐकून घेणारा एक तू होतास, तोही इथे येऊन बसलास. नाक पूस आधी. आणि पाठ सरळ कर, गाढवा..."

पट्टा सुटला तो सुटलाच. तो रडत रडत "हो आई" म्हणत होता. मीही घड्याळाकडे थोडा काणाडोळा केला, खोटं कशाला बोलू. पण वेळ संपली होती आणि नियम म्हणजे नियम. मी घंटा वाजवली.

मावशी गर्रकन माझ्याकडे वळल्या.

"दिसत नाही का रे तुला? जावयाशी बोलतेय मी."