पौर्णिमाची सही

बोरगाव मेघेतल्या गाड्यांच्या काचांवर जी देखणी अक्षरं दिसतात, त्यांतली बरीचशी पौर्णिमाने कापलेली आहेत. रेडियमचं दुकान तिचं. बाई हट्टी. कुणी 'होत नाही' म्हटलं की तिचं डोकं सणकतं, आणि ते सणकलेलंच बरं.

दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्यांची कामं अंगावर असतानाच कॉम्प्युटर अपडेट झाला आणि अक्षरं कापणाऱ्या जुन्या मशीनला ओळखच देईना. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, ती पुन्हा टाकायला गेली, तर म्हणे फाइल नव्या नियमात बसत नाही. मशीनची कंपनी केव्हाच बंद पडलेली. तिने नागपूरच्या डीलरला फोन लावला.

"रूल बदलले मॅडम. नवीन मशीन घेऊन टाका."

"मशीन तं चांगली आहे भाऊ. मंग फेकू काऊन?"

त्याने फोन ठेवून दिला.

नवरा रत्नदीप मायेनेच म्हणाला, "भंगारात देऊन टाक. दुकान मोबाईलवाल्याले किरायानं देऊ. तुलेही आराम भेटन."

आराम! तो शब्द तिला झोंबला. मशीन गेली की दुकान जाणार, आणि मग दिवसभर घरात बसून कुणाची वाट पाहायची?

"मले आराम नाई पाह्यजे," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

ड्रायव्हरची फाइल तिने नोटपॅडमध्ये उघडली. कुठली वस्तू कुठे ठेवायची, एवढंच तर त्यात लिहिलेलं. जुनी फाइल आपलं सामान थेट सिस्टिमच्या फोल्डरात टाकत होती. आता ज्याने त्याने आपापल्या फोल्डरात राहायचं होतं. इंटरनेटवर धुंडाळत, चुकत, चिडत तिने त्या ओळी बदलल्या. तर नवंच झेंगट! फाइलला हात लावला म्हणून कंपनीची डिजिटल सही बाद. सहीशिवाय कॉम्प्युटर दारात उभं करेना.

"झालं. आता कंपनीची सही कुठून आणशीन?" रत्नदीप म्हणाला.

"कंपनी मेली. मी जिवंत आहे."

तिने स्वतःच्या नावाची डिजिटल सही तयार केली, आपल्या कॉम्प्युटरला ओळखायला लावली आणि फाइलवर ठोकली. पडद्यावर प्रश्न आला: प्रकाशक पौर्णिमा रत्नदीप ताकसांडे. यांच्यावर विश्वास ठेवायचा का?

रत्नदीप पाठीमागून वाकला. "कोणाले विचारून राह्यला तो?"

"तुले नाई," ती म्हणाली. तिने 'होय' दाबलं, कॉम्प्युटरने मशीन ओळखली आणि तिने निळा रेडियम मशीनला लावला.