कोठीच्या कागदाखालचं नाव

गजभिये काका गेले, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी एक पॉलिसी मंजूर केली.

त्यांच्या नावाने ते बटण मी दाबलं होतं.

आज काकांना जाऊन एक वर्ष झालं. आठवण लिहायला बसले, तर दुसरं काही लिहवेना. म्हणून हेच लिहिते.

काका आमच्या राईस मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर होते. आसगावचे. हमाल म्हणून लागले आणि शिकत शिकत त्या खुर्चीपर्यंत आले.

मी तिथे डॉक्युमेंट कंट्रोलर. कंपनीचे सगळे नियम एका सॉफ्टवेअरमध्ये असतात. त्यात कोणी लिहायचं, कोणी फक्त वाचायचं, मंजुरी कोणी द्यायची, हे अधिकार मी लावून देते. सेफ्टीच्या पॉलिसीला, म्हणजे नियमाच्या कागदाला, मंजुरी देणारा अ‍ॅप्रूव्हर एकच. काका.

आणि काका काही केल्या लवकर बटण दाबत नसत. मला वैताग यायचा.

आधी प्रिंट काढायला लावायचे. मग शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटजवळ हमालांना तो कागद मोठ्याने वाचून दाखवायचे. एकालाही कळला नाही तर पॉलिसी परत. खाली कॉमेंट लिहायचे, "सुकरामले समजलं नाही."

एकदा मी चिडून म्हटलं, "काका, सिस्टममध्ये सुकराम नावाचा यूजरच नाही."

"नाही ना? म्हणून त वाचून दाखवतो. कोठीत सुकराम उतरते, तुयं सॉफ्टवेअर नाही उतरत."

पासवर्ड त्यांनी कधी कोणाला दिला नाही. नागपूरला अ‍ॅडमिट झाले तेव्हा मात्र त्यांचा फोन आला.

"शुभांगी, दोन पॉलिस्या अटकून आहेत. मी वाचल्या त्या. पासवर्ड लिहून घे. फक्त त्या दोनच करजो."

"आणि कोठीची?"

"ते नाही. ते मी आल्यावर पाहतो."

ते आलेच नाहीत.

कोठी म्हणजे धान साठवायची लोखंडी टाकी, दोन मजली घराएवढी उंच. आत धान अडकलं की माणूस उतरवावा लागतो. जुना नियम साधा होता. एक जण आत, एक जण वर दोरी धरून, आतला बाहेर येईपर्यंत.

नव्या मसुद्यात, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीत, दोरीवाल्याच्या आधी एकच शब्द घातला होता. 'आवश्यकतेनुसार'.

काकांनी तो मसुदा दोनदा परत पाठवला होता.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेब टेबलाशी आले. "शुभांगी, उद्या ऑडिट आहे. काकांचा पासवर्ड आहे ना तुझ्याकडे? ती कोठीवाली करून टाक ना. कागदावर मागची तारीख टाक, तेव्हा ते होतेच."

मी वाचलं नाही. फाईल उघडूनसुद्धा पाहिली नाही. मला कोणी धमकावलं नव्हतं. काम हातावेगळं करायचं होतं, एवढंच.

नवं धान आलं तेव्हा सुकराम कोठीत उतरला. वर कोणीच नव्हतं. कोणाला आवश्यकता वाटली नव्हती.

छातीपर्यंत धानात गाडला गेला. बाहेर उभ्या ट्रॅक्टरवाल्याला ओरडणं ऐकू आलं म्हणून वाचला. बरगड्या मोडल्या. आता पोतं उचलवत नाही, गेटवर बसतो.

चौकशीत पॉलिसीची प्रिंट निघाली. वर ती मागची तारीख, खाली नाव काकांचं. "सेफ्टी ऑफिसरनीच मंजूर केली होती," साहेब म्हणाले.

गेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. सगळ्यांचीच सोय झाली. माझीही.

कागदावरची तारीख काहीही असो, बटण नेमकं कधी दाबलं गेलं, ते सॉफ्टवेअरमध्ये एका पानावर दिसतं. ते पान पाहायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनला. अ‍ॅडमिन मी.

कितीदा ते पान उघडलं आणि बंद केलं, सांगता येणार नाही.

परवा काकांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाच्या तयारीला हात लावायला आसगावला त्यांच्या घरी गेले. तांदूळ निवडता निवडता काकू म्हणाल्या, "सुकरामची बायको भेटली बाजारात. माह्याशी बोलली नाही. यायनं असा कागद काहून पास केला असन, शुभांगी? जेवताना पन दोरीचंच सांगत."

मग मी सांगितलं. सगळं.

काकूंनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मी रडत होते.

"दोरीवाला लिहिला का आता परत?"

"नाही."

"मंग माह्यासमोर कायले रडून राहिली? जा, ते कर पहिले."

काल सकाळी ऑफिसला गेले. तिसरी आवृत्ती रद्द केली, जुनी, दोरीवाल्याची दुसरी परत लावली. प्रिंट काढली. शिफ्टच्या आधी गेटजवळ उभी राहून मोठ्याने वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

सुकराम खुर्चीवर बसून ऐकत होता. म्हणाला, "हा त काकाचाच कागद हाये."

माझ्याकडे पाहिलं नाही त्याने. पाहावं असं मी काही केलंही नाही.

मग अ‍ॅडमिनच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट हेड ऑफिसला आणि सगळ्या विभागांना पाठवला. सोबत एक ओळ लिहिली. काकांच्या नावाने ही मंजुरी मी दिली, ते गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी.

संध्याकाळपासून माझं लॉगिन बंद आहे. 'आपल्याला परवानगी नाही' असं येतं. बरोबरच आहे.

काकू, हे सगळ्यांसमोर लिहायला एक वर्ष लागलं. माफ करा म्हणायची हिंमत अजून नाही.

काका, तो तिसरा कागद तुमचा नव्हता, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्याखाली तुमचं नाव आहे. तो तुम्ही वाचला होता, सुकरामला समजला होता, आणि मगच मंजूर केला होता.

कोठीच्या शिडीपाशी तोच लावून आले आहे.

जय भीम, काका. शुभांगीची ही उशिराची आदरांजली.